डोळे अंधाराला सरावेपर्यंत

नमस्कार श्रोतेहो.

नौकानयन महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींच्या आयुष्याबद्दल आज बोलणार आहे. अशाच एका महाविद्यालयात मी शिकलो, बरीच वर्षं जहाजावर काढली आणि आता कॅडेटना, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्यांना, शिकवतो. त्यामुळे काही गोष्टी बाकावर बसून पाहिलेल्या आहेत आणि काही फळ्यासमोर उभं राहून.

बाहेरून येणाऱ्याला आधी दिसतो तो गणवेश. पहाटेची शिट्टी, मस्टर म्हणजे हजेरी, पीटी, चकचकीत बूट, रांगेनं वर्गात जाणं. पालकांना पहिल्या दिवशी वाटतं, पोरगं सैन्यातच गेलं की काय. तसं नाही. व्यापारी जहाजावर वीस-पंचवीस माणसं असतात. रात्री त्यातली बहुतेक झोपलेली असतात आणि ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, एक अधिकारी आणि एक टेहळणी करणारा, एवढेच जागे. खाली झोपलेल्या माणसाला त्या दोघांच्या भरवशावर डोळे मिटता आले पाहिजेत. महाविद्यालयातली सगळी शिस्त त्या झोपेसाठी आहे, असं मी मुलांना सांगतो.

एक साधी सवय घ्या. सुकाणूवरच्या माणसाला ‘पोर्ट टेन’, म्हणजे सुकाणू डावीकडे दहा अंश, अशी ऑर्डर मिळाली की तो ती मोठ्यानं परत म्हणतो. सुकाणू दहा अंशांवर आलं की पुन्हा सांगतो. पहिल्या आठवड्यात मुलांना याचं हसू येतं. पण ब्रिजवर वारा असतो, रेडिओ बोलत असतो, चार देशांतली माणसं चार तऱ्हांनी इंग्रजी बोलत असतात. ऑर्डर परत म्हटली की ऐकणाऱ्याची चूक कळते, आणि देणाऱ्याला स्वतःचीही चूक स्वतःच्या कानांनी ऐकू येते. महिन्याभरात ही सवय होस्टेलमध्ये शिरते. कुणी ‘दार लाव’ म्हणालं, तरी आतून उत्तर येतं, ‘दार लावतो... लावलं!’

मग येतं पाणी आणि आग. जगभरच्या खलाशांचं प्रशिक्षण एसटीसीडब्ल्यू या १९७८च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चालतं आणि समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला जीव वाचवण्याचं मूलभूत प्रशिक्षण घ्यावंच लागतं. थंड पाण्यात टिकण्यासाठी अंगभर चढवायचा जाड पोशाख असतो, त्याला इमर्शन सूट म्हणतात. कुणाच्याही मदतीशिवाय तो दोन मिनिटांत अंगावर चढला पाहिजे. पहिल्यांदा कुणालाच जमत नाही. कुणाचा पाय अडकतो, कुणाची चेन. आणि मग तलावात उलटा पडलेला लाइफराफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा फुगवता तराफा, सुलटा करायचा. गॅसच्या सिलिंडरच्या बाजूला उभं राहून पट्टा धरायचा आणि सगळं वजन मागे टाकायचं. राफ्ट अंगावर येतो, क्षणभर त्याच्याखाली अंधार असतो. ज्यांना पाण्याची भीती वाटते त्यांचे चेहरे मला वर्षानुवर्षं आठवतात, कारण राफ्टखालून डोकं बाहेर काढताना तो चेहरा वेगळाच झालेला असतो.

धुरानं भरलेल्या खोलीत श्वसनयंत्र लावून जायचं असतं. काही दिसत नाही. भिंत चाचपायची ती हाताच्या मागच्या बाजूनं, कारण उघडी वायर लागली तर स्नायू आखडून हात तिच्यापासून मागे येतो. तळवा लागला तर मूठ वायरीवरच आवळली जाते. हे एकदा सांगितलं की मुलं विसरत नाहीत.

पण मला सगळ्यांत अवघड शिकवणं वाटतं ते बंद जागेचं. जहाजाच्या टाकीत नुसता गंज चढत असला तरी तो हवेतला प्राणवायू शोषून घेतो. वास नाही, रंग नाही. उतरणारा माणूस काही श्वासांत कोसळतो. वरून पाहणारा मित्र त्याला वाचवायला उडी घेतो आणि तोही जातो. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेच मरण्याचे प्रसंग जगभर पुन्हा पुन्हा घडले आहेत. आता विचार करा: एका खोलीत राहणारी, एकमेकांचे गणवेश इस्त्री करून देणारी, परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकांना घोकवणारी ही पोरं. त्यांच्या मैत्रीचा मला अभिमान वाटतो. आणि त्याच पोरांना मी शिकवतो की मित्र खाली पडलेला दिसला तरी उतरायचं नाही. आधी अलार्म, मग माणसं, मग हवा तपासणारं यंत्र आणि श्वसनयंत्र. एका मुलीनं मला विचारलं होतं, ‘सर, तेवढ्यात तो गेला तर?’ मी खरं तेच सांगितलं, की जाऊ शकतो. त्या दिवशी वर्ग फार शांत होता.

जहाजाच्या स्थिरतेचा विषय मुलांना रुक्ष वाटतो, आकडेमोडीचा. तेव्हा मी त्यांना पामीरबद्दल सांगतो. चार डोलकाठ्यांचं ते जर्मन शिडाचं जहाज सप्टेंबर १९५७मध्ये अटलांटिकवर वादळात सापडलं. सुटं जव भरलेलं होतं. जहाज कललं, धान्य एका बाजूला सरकलं आणि ते सावरलंच नाही. ८६ जणांपैकी ६ वाचले. त्या ८६ जणांत निम्म्याहून अधिक शिकाऊ पोरं होती, माझ्या वर्गात बसलेल्यांच्याच वयाची. त्यानंतर धान्याच्या ढिगाचा कोन किती, हे गणित कुणी कंटाळून सोडवत नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः बोलायला आलो आहे, ते बोलतो. सीनिअर आणि ज्युनिअर.

सीनिअरला मान देणं यात मला काही गैर वाटत नाही. जहाजावर हुद्द्यांची उतरंड असतेच, आणि संकटात कुणाचं ऐकायचं हे आधीच ठरलेलं असावं लागतं. पण रात्री बारा वाजता पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉरिडॉरमध्ये उभं करायचं, अपमान करायचा, झोपू द्यायचं नाही आणि याला ‘कणखर बनवणं’ म्हणायचं, हे मी भोगलं आहे. म्हणून ठामपणे सांगतो, यातून कणखर कुणी होत नाही.

मी पहिल्या वर्षाला असताना असाच एक आठवडा गेला होता. त्यानंतर बोट ड्रिल होती. लाइफबोट वर खेचायची होती आणि कामाची सूत्रं एका सीनिअरच्या हातात होती. पुढचा हुक नीट बसलेला नाही, हे मला दिसलं. स्पष्ट दिसलं. मी बोललो नाही. ज्यानं काल रात्री मला तीन तास उभं ठेवलं होतं, त्याला सगळ्यांसमोर ‘थांबा’ म्हणायची माझी छाती झाली नाही. प्रशिक्षकांची नजर गेली म्हणून काम थांबलं, कुणाला खरचटलंही नाही. पण बोटीत चार मुलं बसलेली होती. ती माझी मित्र होती.

या गप्प बसण्याचा समुद्राला पूर्वीपासून अनुभव आहे. कॅप्टन चुकतोय हे दिसत असूनही कनिष्ठ अधिकारी बोलला नाही, म्हणून जहाजं खडकावर गेली आहेत. म्हणूनच एसटीसीडब्ल्यू करारातल्या २०१०च्या मनिला दुरुस्त्यांनी ब्रिजवर एकमेकांशी बोलणं, शंका मांडणं आणि वरिष्ठानं ती ऐकून घेणं हे अधिकाऱ्याच्या आवश्यक कौशल्यांत घातलं. ब्रिजची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरवर आम्ही हे रोज शिकवतो. मी मुद्दाम चुकीचा कोर्स, म्हणजे जहाजाची दिशा, देतो आणि वाट पाहतो. ज्या बॅचला होस्टेलमध्ये त्रास झालेला असतो, तिथे मला फार वाट पाहावी लागते.

आणि झोप. कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत ७७ तास विश्रांती, हा जहाजावरचा नियम मी सकाळी फळ्यावर लिहितो, आणि समोर रात्रभर जागवलेली मुलं पेंगत असतात. मला त्यांच्यावर रागावता येत नाही.

मुलींचा अनुभव याहून थोडा वेगळा असतो. २०२१च्या जागतिक पाहणीत खलाशांमध्ये स्त्रिया सुमारे २४ हजार होत्या, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. त्यामुळे वर्गातली मुलगी अनेकदा एकटी असते. तिची चूक झाली की ‘मुलींची चूक’ ठरते, मुलाची चूक त्याची एकट्याची राहते. छळ आणि दमदाटी रोखण्याचं शिक्षण १ जानेवारी २०२६पासून मूलभूत प्रशिक्षणाचा भाग झालं आहे. उशिरा झालं, पण झालं.

आता थोडं सीनिअर मुलांशी बोलतो, कारण समुद्रावरची नोकरी पुरी करून, भरलेलं ट्रेनिंग रेकॉर्ड बुक घेऊन तुम्ही परत आला आहात आणि काही दिवसांत नवी बॅच येते आहे. जहाजावर तुम्ही रात्रीचा वॉच, म्हणजे ब्रिजवरची पाळी, घेतला आहे. जिन्यानं वर आलात, दिव्यातून अंधारात. तेव्हा ब्रिजवरच्या अधिकाऱ्यानं लगेच जहाज तुमच्या हाती दिलं का? नाही. तुमचे डोळे अंधाराला सरावेपर्यंत तो थांबला. नियमच आहे तसा. मग त्यानं तुम्हाला जहाज कुठे आहे ते दाखवलं, कोर्स सांगितला, आसपासचे दिवे एकेक करून दाखवले, कॅप्टनच्या सूचना वाचायला दिल्या. तुम्हाला सगळं समजलं याची खात्री झाल्यावरच तो खाली झोपायला गेला.

घरचं सोडून आलेलं सतरा-अठरा वर्षांचं मूल होस्टेलच्या दारात ट्रंक घेऊन उभं राहील, तेव्हा त्याला काहीच दिसत नसेल. मेस कुठे, मस्टर किती वाजता, गणवेशावर बिल्ला कुठल्या बाजूला, कुणाला काय म्हणायचं. त्याच्यासोबत थोडा वेळ उभे राहा. एकेक दिवा दाखवा. आणि रात्री दहाला त्याच्या खोलीतला दिवा बंद होऊ द्या.

नमस्कार.