तांबूचा मका

(पडद्यावर : मक्याचं शेत. वाऱ्याचा आवाज.)

भाऊ गेला आणि मला त्याचं दुःख झालं नाही, असं एक मुलगी 'नर्व्हस कंडिशन्स' या कादंबरीच्या पहिल्याच ओळीत सांगून टाकते. आपण दचकतो. पण तिचं पुढचं ऐका.

ऱ्होडेशियातलं, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतलं, एक खेडं, १९६०चं दशक. घरात फीला पैसे एकाच पोरापुरते, म्हणजे अर्थातच भावापुरते, न्हामोपुरते. त्या मुलीला, तांबूला, बाप विचारतो, पुस्तकं शिजवून नवऱ्याला वाढणार आहेस का? तांबू बियाणं मागून घेते आणि स्वतःच्या फीसाठी मका पेरते. खुरपते, राखण करते. कणसं भरू लागतात, तशी गायबही होऊ लागतात. चोर घरातलाच. न्हामो ती मित्रांना वाटत सुटलेला असतो. उरलेली कणसं घेऊन एक मास्तर तिला उमताली शहरात विकायला नेतात. तिथे एक गोरी बाई मास्तरांवरच खेकसते, पोरीला राबवता म्हणून. आणि शेवटी दहा पौंड काढून देते. ते पैसे मागायला बाप शाळेत हजर! हेडमास्तर देत नाहीत. फी जमा झालेली असते.

तांबूला घडवणाऱ्या लेखिका त्सित्सी दांगारेम्ब्गा.

(पडद्यावर : जुनं छायाचित्र.)

जन्म १९५९चा, मुटोकोचा. आईवडील शिकायला इंग्लंडला गेले तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या. सहाव्या वर्षी परतल्या तोवर घरची शोना भाषा बरीचशी विसरल्या होत्या. १९७७ मध्ये केंब्रिजला डॉक्टरकीसाठी गेल्या. तिथला वर्णद्वेष सोसेना. १९८० मध्ये, झिंबाब्वे स्वतंत्र व्हायच्या जरा आधी, शिक्षण अर्धवट टाकून त्या परत आल्या. मग हरारेत मानसशास्त्र, जाहिरातींचं लेखन, विद्यापीठातली नाटकमंडळी.

'नर्व्हस कंडिशन्स' देशातल्या प्रकाशकांनी नाकारली. १९८८ मध्ये लंडनच्या द विमेन्स प्रेसने छापली. झिंबाब्वेतल्या कृष्णवर्णीय स्त्रीची इंग्रजीत प्रसिद्ध झालेली ही पहिली कादंबरी. पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल लेखक पुरस्कार, आफ्रिका विभागाचा.

यानंतर दुसरी कादंबरी लगेच यावी ना? आली २००६ मध्ये. मधल्या काळात त्या बर्लिनला सिनेमा शिकल्या. 'नेरिया' या गाजलेल्या चित्रपटाची कथा त्यांची : नवरा जातो, दीर घरदार बळकावतो, बाई कोर्टाची पायरी चढते. १९९६चा 'एव्हरीवन्स चाइल्ड' तर त्यांनीच दिग्दर्शित केला.

तांबूने मात्र त्यांना सोडलं नाही. 'द बुक ऑफ नॉट' या दुसऱ्या कादंबरीत ती गोऱ्या मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये, आणि बाहेर स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं. २०१८च्या 'दिस मोर्नेबल बॉडी'त देश स्वतंत्र, तांबू पदवीधर, आणि हरारेत नोकरीविना. इथे ती 'मी' म्हणतच नाही. सगळं कथन 'तू'मध्ये. मका विकून शाळेत गेलेली हीच का ती, असं वाटून मला तरी हे पुस्तक दोनदा खाली ठेवावं लागलं.

(पडद्यावर : हरारेतला रस्ता.)

जुलै २०२०. ही कादंबरी बुकरच्या लांब यादीत आल्याची बातमी येते. त्याच आठवड्यात, ३१ तारखेला, हातात फलक घेऊन रस्त्यावर उतरलेल्या लेखिकेला पोलीस गाडीत बसवतात. फलकावर मागणी काय, तर देशातल्या संस्था सुधारा. आरोप, हिंसेला चिथावणीचा. दुसऱ्या दिवशी जामीन, मग तारखांवर तारखा. दरम्यान बुकरची अंतिम यादी, २०२१ मध्ये जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार. सप्टेंबर २०२२ मध्ये दंड आणि सहा महिन्यांची स्थगित कैद. मे २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

त्यांचं आणखी एक हस्तलिखित तयार आहे, 'नारिनी अँड हर डाँकी'. 'फ्यूचर लायब्ररी' या उपक्रमासाठी ते ऑस्लोत बंद करून ठेवलंय. छापायचं साल, २११४. ज्या झाडांच्या कागदावर ते छापलं जाईल, ती ऑस्लोजवळच्या जंगलात अजून वाढताहेत.