गुलाबी फ्लास्क, पिवळा फ्लास्क

हे दोन फ्लास्क जरा नीट बघा. दोन्हीत माणसाच्याच पेशी, एकाच दिवशी लावलेल्या, मीडियासुद्धा (पेशी ज्यात वाढतात ते द्रव) तोच. पण डावीकडचा अजून गुलाबी आहे आणि उजवीकडचा पिवळा पडत चाललाय. मीडियात फिनॉल रेड नावाचं रंगद्रव्य असतं, ॲसिड वाढलं की ते पिवळं होतं. आणि हे ॲसिड पेशींनीच सोडलंय, कारण त्या भराभरा साखर ओढतायत, अर्धवट मोडतायत आणि लॅक्टिक ॲसिड करून बाहेर टाकतायत.

डावीकडे व्हायरस नाही, उजवीकडे सायटोमेगॅलोव्हायरस आहे, म्हणजे सीएमव्ही. व्हायरसकडे स्वतःचं काहीच नसतं, साखर जाळायची सोय नाही, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवता येत नाही, सगळं पेशीचंच वापरायचं. आपण काटेवाल्या व्हायरसची चित्रं खूप बघतो, पण खरी उलथापालथ पेशीत होते, तिकडे बघायला हवं. हा सीएमव्ही तर पेशीचा साखर आत घेणारा नेहमीचा दरवाजा, ग्लुट-१, बाजूला सारतो आणि तिथे ग्लुट-४ बसवतो, जो एरवी स्नायू आणि चरबीच्या पेशींमध्ये असतो!

आता मायक्रोस्कोपखाली बघा, पेशी कशा फुगल्यात. व्हायरसच्या नावातच मोठी पेशी आहे.

पुढचं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हे मशीन, मास स्पेक्ट्रोमीटर, रेणूंचं वजन मोजणारं. पेशींना कार्बन-१३ घातलेलं ग्लुकोज द्यायचं आणि तो जड कार्बन कुठे कुठे जातो ते शोधायचं. तो मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांत जातो, पण तिथे पूर्ण जळत नाही, बराचसा सायट्रेट नावाचा रेणू होऊन बाहेर येतो आणि त्याची फॅटी ॲसिड्स बनतात, कारण नव्या व्हायरसला चरबीचं आवरण लागतं. मग मायटोकॉन्ड्रियातली तूट कोण भरतं? ग्लुटामिन, मीडियातलं एक अमिनो ॲसिड. ते काढून घेतलं तर व्हायरसची वाढ अडते. आणि गंमत बघा, हर्पिस सिम्प्लेक्स हा व्हायरस याच घराण्यातला, त्याच प्रकारच्या पेशीत सोडला तर त्याचा जोर चरबीवर नाही, डीएनएच्या कच्च्या मालावर.

फॅटी ॲसिड बनवणारी एन्झाइम्स अडवली की सीएमव्ही आणि इन्फ्लुएन्झा दोघांची वाढ घटते हे लॅबमध्ये २००८ साली दिसलं, यावरून औषध बनवायचं काम अजून बाकी आहे, आणि ते हवंय, कारण जन्मतःच सीएमव्ही झालेल्या काही बाळांचं ऐकणं जातं.

हा पाचवा दिवस. डावीकडे पेशी तळाला घट्ट चिकटून आहेत, उजवीकडे गोल होऊन सुटतायत, तरंगतायत.