राजीनाम्याच्या आधीची बेरीज

नमस्कार, श्रोतेहो.

मुलगा चाकणच्या नाहीतर सातपूरच्या कारखान्यात मेंटेनन्सला असतो. हातात कला असते. सुट्टीच्या दिवशी एसी दुरुस्तीची, वायरिंगची कामं घेतो. एखाद्या उन्हाळ्यात त्या कामांतून पगाराच्या निम्मे पैसे सुटले की त्याला वाटतं, आता नोकरी बास. आईवडील म्हणतात, परमनंट आहेस, सोडू नकोस. दोघांचंही बोलणं कळकळीचं असतं, पण बेरीज कुणीच मांडत नाही. ती आज आपण मांडू या.

समजा, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये आहेत. त्यातले 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये, दरमहा पीएफला जातात. तेवढेच मालक भरतो आणि त्यातले 1,250 पेन्शनच्या खात्यात जमा होतात. शिवाय ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची रक्कम, असते. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, 26 दिवसांचा महिना धरून. या पगारावर ती वर्षाला साडेआठ हजारांच्या वर जाते. भरपगारी रजा वेगळी, आणि ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी आरोग्य विमा योजना, लागू असेल तर दवाखानाही वेगळा. यातलं बरंचसं हातात येत नाही, म्हणून हिशेबातही येत नाही. स्वतंत्र झालात की हे सगळं तुमच्या कमाईतून तुम्हालाच उभं करायचं असतं. पगाराइतके पैसे सुटले म्हणजे बरोबरी झाली, असं समजू नका.

तारखांकडेही लक्ष द्या. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं लागतात. साडेचार झाली असतील, तर उरलेले सहा महिने कळ काढा. राजीनामा दिल्यावर पहिली नजर पीएफवर जाते: चला, दुकानाचं डिपॉझिट निघालं! माझं कळकळीचं सांगणं आहे, त्याला हात लावू नका. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. ती भरली नसेल, तर पेन्शनचे पैसे काढून घेण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा पीएफ कार्यालयाचा दाखला, मागा. पुढे कधी पुन्हा नोकरी धरलीत, तर आधीची वर्षं त्यात धरली जातात.

आता धंद्याची बाजू. काम मिळण्यापेक्षा कामाचे पैसे मिळणं जड जातं. माझ्या ओळखीतल्या एका मेकॅनिकची वही मी पाहिली आहे. प्रत्येक पानावर उजव्या बाजूला लाल शाईत येणी लिहिलेली. कुठे सोसायटीचे चेअरमन गावाला गेलेले, कुठे साहेबांची सही राहिलेली, कुठे नुसतंच ‘पुढच्या महिन्यात या’. कॉम्प्रेसर मात्र त्याने रोखीने आणलेला. कामाला तोटा नव्हता, तरी हात रिकामा, आणि एवढ्यावरच चांगला कारागीर मोडून पडतो. म्हणून सांगतो, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती फुकट होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि फार तर 45 दिवसांत द्यावे लागतात, असं 2006 चा कायदा सांगतो. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं, रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट. कंपनीचं काम घेताना बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असू द्या.

आणि आयकराचं विवरणपत्र दरवर्षी भरा, उत्पन्न कमी असलं तरी. नोकरदाराला पगाराच्या पावतीवर घरकर्ज मिळतं. तुमच्याकडे बँक मागची दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागेल.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग नोकरीच बरी. पण नोकरीही कायमची असतेच असं नाही. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कितीतरी जणांना पुन्हा गिरणीचं दार दिसलं नाही. बापानंतर मुलगा त्याच खात्यात लागणार, अशी खात्री असलेली घरं होती ती. दुसरं काही करावं लागेल, असा विचारही तिथे कुणाच्या मनात आलेला नव्हता.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण मला म्हणूनच जवळचं वाटतं. मुंबईत शिकवण्याची नोकरी करत असतानाच त्यांनी बेळगावात भावाच्या जोडीने सायकलींचा धंदा सुरू केला होता. बढती डावलली गेली तेव्हा ते नोकरी सोडून तिथे गेले. पुढे लोखंडी नांगर काढला, तर लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. तेही दिवस त्यांनी काढले. त्यांच्या कारखान्याची वसाहत, किर्लोस्करवाडी, उभी राहिली ती 1910 मध्ये.

तेव्हा मुलाने राजीनाम्याचा विषय काढला, तर त्याला लगेच गप्प करू नका. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का, ते विचारा. घरच्यांचा आरोग्य विमा नोकरीत असतानाच काढून घ्यायला सांगा, कारण जुन्या आजारांची प्रतीक्षा मुदत, म्हणजे ज्या काळात त्यांचा खर्च विम्यातून मिळत नाही तो काळ, तेव्हापासूनच मोजली जाते. त्याला स्वतःच्या नावाने पीपीएफचं, म्हणजे लांब मुदतीच्या सरकारी बचतीचं, खातं उघडायला सांगा. वर्षाला पाचशे रुपयांपासून दीड लाखापर्यंत त्यात भरता येतात. जे महिने चांगले जातील, त्या महिन्यांत भरायचं. आणि त्याची येण्यांची वही दर महिन्याला एकदा त्याच्याबरोबर बसून बघा.

नमस्कार.