रक्त तेच, रिपोर्ट दोन

वय 50, पुरुष. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ; गाळण कमी झाली की रक्तात वाढतो) 3.6. अमेरिकेतल्या लॅबमध्ये हे आकडे 2009 च्या सूत्रात घातले, की किडनीची गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, यायची साधारण 19. फॉर्मवर ‘कृष्णवर्णीय’ अशी खूण असली, तर त्याच रक्ताला 22. डायलिसिस सुरू नसेल, तर तिथल्या किडनी प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षेचे दिवस मोजायला लागतात 20 किंवा त्याखाली आल्यावर. एकाचे दिवस सुरू झाले, दुसरा दाराबाहेरच.

फरक पाडणारा गुणक 1.159. हा आला कुठून?

गाळण थेट मोजायची, तर शरीरात द्रव्य टोचून ते किती वेगाने बाहेर पडतं हे काही तास पाहावं लागतं. रोजच्या ओपीडीत ते कोण करणार? म्हणून क्रिएटिनिनवरून अंदाज बांधतात. 1999 मध्ये 1,628 रुग्णांवरून असं एक सूत्र बसवलं, तेव्हा गाळण सारखी असूनही कृष्णवर्णीयांचं क्रिएटिनिन सरासरीने जास्त भरलं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, तेव्हा यांचे स्नायू जास्त असणार, असा तर्क झाला. सूत्रात मात्र स्नायूंचा आकडा नाहीच; त्या जागी वंशाची चौकट बसली, आणि 2009 च्या सूत्रातही ती राहिली.

गोम इथेच आहे. सरासरी गटाची असते, रिपोर्ट एका माणसाचा. अंगाने किरकोळ असलेल्या कृष्णवर्णीय बाईची किडनी या गुणकामुळे कागदावर उगाच धडधाकट दिसते. आणि आई गोरी, वडील कृष्णवर्णीय, तर खूण कुठे करायची?

2021 मध्ये वंश वगळून सूत्र नव्याने बसवलं. नुसता गुणक खोडला नाही, बाकीचे आकडेही पुन्हा काढले. आता 3.6 वाल्या दोघांचंही उत्तर सुमारे 20. अर्थात हेही फुकट नाही: कृष्णवर्णीयांचे अंदाज किंचित खाली, इतरांचे किंचित वर सरकले. म्हणून निर्णय काठावरचा असेल, तर सिस्टॅटिन-सी (रक्तातलं एक प्रथिन) ही चाचणीही करून दोन्हींचं एकत्रित सूत्र लावावं. तिच्यावर स्नायूंचा प्रभाव कमी. थायरॉइड बिघडलेलं असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील, तर मात्र तीही फसवते.

जानेवारी 2023 पासून अमेरिकेतल्या प्रत्यारोपण केंद्रांना यादीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांच्या तारखा, जुन्या गुणकामुळे उशीर झाला का हे पाहण्यासाठी, तपासणं बंधनकारक झालं. 14,000 हून अधिक जणांची प्रतीक्षा मागच्या तारखेपासून धरली गेली. त्यासाठी शोधावा लागला तो लॅबचा जुना, तारीख असलेला कागद.