मायक्रोफोनपासून एक वीत

नमस्कार मंडळी. आज बोलायचं आहे नभोनाट्यातल्या, म्हणजे रेडिओवरच्या नाटकांतल्या, पहिल्या पिढीच्या अभिनेत्रींच्या कामाबद्दल. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरच्या नीलम प्रभू, म्हणजे पुढच्या करुणा देव, ‘पुन्हा प्रपंच’ या श्राव्य मालिकेतल्या मीनावहिनी म्हणून घरोघरी पोचल्या. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं आणि तिथून ज्या बायकांचे आवाज वऱ्हाडात, झाडीपट्टीत गेले, त्यांतल्या बऱ्याच जणींची नावं आज कुणाला आठवत नाहीत. त्यांनी काय केलं, हे तरी नीट समजून घेऊ या.

आपल्याकडच्या दंडारीत, म्हणजे झाडीपट्टीतल्या लोकनाट्यात, बाईचं सोंग पुरुषच घ्यायचा. लुगडं, पदर, कुंकू, चाल, सगळं डोळ्यांपुढे असल्यामुळे गाव ते मान्य करायचं. रेडिओनं हा डोळ्यांचा आधारच काढून घेतला. तिथे बाईचा आवाज बाईचाच हवा, आणि तो आवाज नाटकाच्या मंडपातला चालत नाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय लागलेल्या गळ्यानं बोललं, की मायक्रोफोनला ते ओरडणंच वाटतं. म्हणून रंगभूमीवरून आलेल्या बाईला आधी बरंच विसरावं लागे.

त्या काळच्या स्टुडिओतला रिबन मायक्रोफोन, म्हणजे आत धातूची पातळ पट्टी असलेला, पुढून आणि मागून ऐकतो, दोन्ही कडांना जवळजवळ बहिरा असतो. त्यामुळे दोन पात्रं त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभी राहतात. साध्या संवादाला अंतर दीड ते दोन फूट, कुजबुजीला एक वीत. हाक मारायची तर चार-पाच फूट मागे सरून मान वळवायची. ‘बाई दारातून आत आली’ हे दाखवायला बहिऱ्या कडेकडून बोलत बोलत समोर यायचं. जवळ गेलं की आवाजाचा खर्ज वाढतो, म्हणून विशीतली मुलगीही सासू उभी करू शकते. पण तोंड अगदी समोर ठेवलं तर प, फ, भ यांची हवा थेट पट्टीवर आदळते. ॲल्युमिनियमची ती पट्टी इतकी पातळ, की जोराच्या फुंकरीनं ताणली जाते. म्हणून तोंड जरा तिरकं.

संहितेच्या पानांना टाचणी नको. वाचून झालेलं पान उचलायचं नाही, बाजूला सरकवायचं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं पाचोळा उडाला. खळ घातलेलं सुती लुगडं हालचालीबरोबर बोलतं. सगळ्यात नाजूक गोष्ट काचेच्या बांगड्यांची. सवाष्ण बाईला त्या उतरवायला सांगणं कुणालाच बरं वाटत नाही. मग त्या कोपराकडे सरकवायच्या आणि वरून रुमाल घट्ट बांधायचा. असा बांधलेला हात घेऊन बाई विरहाचा प्रसंग करते आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

टेप येण्याआधी सगळं थेट प्रसारण असे. लाल दिवा लागला की शिंक, चुकलेली ओळ, हातातून निसटलेलं पान, सगळं तसंच्या तसं बाहेर जाणार. काचेपलीकडून निर्माता बोट गोल फिरवी, म्हणजे वेग वाढव. दोन्ही हात लांबवी, म्हणजे सावकाश. पुढे टेप आली. सेकंदाला साडेसात इंचांच्या वेगानं १२०० फुटांचं रीळ ३२ मिनिटं चालतं. अर्ध्या सेकंदाचा खोकला म्हणजे पावणेचार इंच फीत. ती ब्लेडनं तिरकी कापायची, सरळ कापली तर जोडावर टक्‌ असा आवाज येतो. फीत महाग असल्यामुळे प्रसारणानंतर ती पुसून पुन्हा वापरायची, ही तेव्हा जगभरच्या रेडिओची रीत होती. तिच्यापायी किती आवाज कायमचे गेले, याची हळहळ वाटते.

आता गावाकडचा कान. वीज नसलेल्या गावातला व्हॉल्व्हचा रेडिओसंच ९० व्होल्टच्या कोरड्या बॅटरीवर चालायचा. एरियलची तार दोन बांबूंवर, अर्थिंगची तार जमिनीत, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात तिथे रोज तांब्याभर पाणी घालायला हवं, नाहीतर माती कोरडी पडून आवाज क्षीण होतो. पावसाळ्यात काळी माती ओली झाली की रेडिओच्या लहरी जमिनीवरून दूर जातात, पण विजांची खरखर येते. रात्री आकाशातून परतलेली लहर जमिनीवरच्या लहरीशी भांडते आणि ऐन प्रसंगात आवाज पोकळ होऊन बुडतो. शिवाय मध्यम लहरीवर, म्हणजे मीडियम वेव्हवर, वरचे बारीक ध्वनी गळतात, स आणि श सारखेच ऐकू येतात.

अभिनेत्रीची खरी कसोटी इथे लागते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि बोलताना आपला श्वासही तिथेच संपतो. ‘तो घरी आला’ की ‘आलाच नाही’, हे शेवटच्या दोन अक्षरांत ठरतं, आणि तीच बुडाली तर चावडीवर बसलेली माणसं एकमेकांना विचारत राहणार. म्हणून वाक्याच्या मध्ये श्वास चोरायचा आणि क्रियापदासाठी राखून ठेवायचा. हे ज्यांना जमलं त्या खऱ्या अभिनेत्री, असं आम्ही मानतो.

बोलीचंही तसंच. वऱ्हाडी पात्र म्हणजे नुसतं ‘मले-तुले’ नव्हे. ‘मले’ म्हणणारी बाई पुढच्याच वाक्यात ‘डोळा’ आणि ‘तो येतो’ म्हणाली, की अकोल्या-अमरावतीकडच्या खेड्यातली माय लगेच ओळखणार, ही शिकलेली बोली आहे. तिथे ‘डोया’ हवा, ‘पानी’ हवं, ‘तो येते’ हवं. तेही ओढून-ताणून नाही, रोजच्या बोलण्यासारखं.

आपल्या मंडळात ज्यांना श्रुतिका, म्हणजे छोटं नभोनाट्य, करायची इच्छा आहे त्यांनी संहिता आधी मोठ्यानं वाचून घड्याळ लावावं. अर्ध्या तासाची म्हटली तर २८ मिनिटांचीच बांधा, कारण प्रसंग रंगला की पात्रं सावकाश बोलतात. पावसासाठी सुपात ज्वारी हलकी फिरवा, तांदूळ नको, त्याचा आवाज फार बारीक येतो. वावरातून चालण्यासाठी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, इथे कुठून मिळणार? वाळक्या काटक्या चालतील, पण मायक्रोफोनपासून हातभर लांब मोडा. आणि बांगड्यांसाठी रुमाल घेऊन या.