हुकूमनाम्याची नक्कल

श्रोतेहो, नमस्कार.

दुसऱ्या लग्नाची नोंदणी असो, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज असो, खिडकीपलीकडून एकच वाक्य येतं, 'घटस्फोटाचा दाखला आणा.' मग माणूस कोर्टात जाऊन दाखला मागतो. कोर्टात सांगतात, असा दाखला आम्ही देत नाही. आणि ते खरं असतं. जन्ममृत्यूचं रजिस्टर असतं, तसं घटस्फोटाचं रजिस्टर नगरपालिकेत नसतं, ग्रामपंचायतीतही नसतं. घटस्फोटाचा पुरावा म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, आणि आपल्याला मिळते ती त्याची सहीशिक्क्याची नक्कल. तेव्हा सातारा असो की सांगली, खिडकीवर 'दाखला' हा शब्द काढूच नका. 'हुकूमनाम्याची नक्कल हवी आहे' म्हणा, पुढची दहा मिनिटं वाचतील.

कोर्ट दोन कागद तयार करतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक निकालपत्र, दुसरा हुकूमनामा. निकालपत्रात न्यायाधीशांनी कारणमीमांसा लिहिलेली असते, कोण काय म्हणालं, कुणाचा पुरावा का मानला. ते पाच पानांचं असेल, पन्नास पानांचंही असेल. हुकूमनामा बहुधा पान-दोन पानांचा. त्यात पक्षकारांची नावं, अर्जाचा नंबर, मागणी काय होती, कोर्टानं काय दिलं आणि तारीख. नक्कल काढताना दोन्ही काढून ठेवा. पण तहसील कार्यालयात वा बँकेत देताना आधी हुकूमनामाच पुढे करा. निकालपत्रात घरातलं सगळं उणंदुणं असतं, ते चार टेबलांवरून फिरवायचं काही कारण नाही. आपसातल्या संमतीनं घटस्फोट झाला असेल तर तडजोडीच्या अटींची पुरसीस, म्हणजे कोर्टात दिलेलं लेखी निवेदन, तेही मागा. पोटगी, मुलांचा ताबा, दागिने परत देणं, हे सगळं त्या पुरसीसीत असतं आणि पुढं भांडण झालं तर तीच लागते.

आता कोर्ट कुठलं? 'आमचं गाव कराड तालुक्यातलं, म्हणजे कराडचं कोर्ट', असं धरून चालू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अर्ज जिथं लग्न लागलं तिथं करता येतो, समोरचा जिथं राहतो तिथं करता येतो, दोघं शेवटचे एकत्र जिथं राहिले तिथं करता येतो. २००३ पासून पत्नी अर्जदार असेल तर ती राहते त्या ठिकाणीही. आपल्याकडं याचा अर्थ फार मोठा आहे. पाटण-जावळीतली कितीतरी कुटुंबं मुंबईत माथाडीच्या कामाला गेलेली, विटा-आटपाडीकडची गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात देशभर पांगलेली. नवरा कोईमतूरला, लग्न विट्यात, मुलगी माहेरी जतला. हुकूमनामा यातल्या कुठल्याही कोर्टाचा असू शकतो. जिल्ह्यात हे काम साधारणपणे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडं चालतं, आणि जिथं कौटुंबिक न्यायालय आहे तिथं त्या न्यायालयात. कौटुंबिक न्यायालयात अर्जांना अक्षरं असतात. साधा घटस्फोटाचा अर्ज 'ए' याचिका, संमतीचा 'एफ' याचिका. घरी सापडलेल्या कागदावर नंबराआधी असं एखादं अक्षर असेल, तर पहिली शंका कौटुंबिक न्यायालयाची घ्या.

सगळा खेळ नंबराचा आहे. 'हिंदू विवाह अर्ज क्रमांक अमुक, सन तमुक' एवढं हातात असेल तर बाकीचं काम कारकुनाचं. हा नंबर समन्सवर असतो, वकीलपत्रावर असतो, पोटगीच्या प्रकरणात दाखल केलेल्या कागदांत असतो. पहिला फोन जुन्या वकिलांना करा. कारण हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३, पोटकलम ४ प्रमाणे घटस्फोट मंजूर झाला की हुकूमनाम्याची एक प्रत प्रत्येक पक्षकाराला कोर्टानं मोफत द्यायची असते. ती वकिलांनी घेतलेली असते आणि त्यांच्या फायलीतच पडून असते, असं कैक वेळा होतं.

नंबर नसेल तर ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ किंवा ॲप. राज्य, जिल्हा, मग न्यायालय संकुल निवडायचं. सातारा आणि कराड ही वेगळी संकुलं आहेत. साताऱ्यात शोधून कराडचं प्रकरण दिसणार नाही. पक्षकाराच्या नावाची निदान तीन अक्षरं, अर्ज नोंदला ते वर्ष, आणि प्रलंबित की निकाली, एवढं भरायचं. 'दोन्ही' निवडा. नाव इंग्रजी अक्षरांत शोधायचं असतं, आणि इथंच घोळ होतो. 'सुनीता'मधली दीर्घ ई कुणी एका 'आय'नं लिहितं, कुणी दोन 'ई' घालतं. बाईचं नाव सासरच्या आडनावानं चढलंय की माहेरच्या, सांगता येत नाही. म्हणून पूर्ण नाव घालूच नका. आडनावाची पहिली चार अक्षरं घाला, नवऱ्याच्या बाजूनं एकदा शोधा, बायकोच्या बाजूनं एकदा. वर्ष मागंपुढं एकेक करून बघा, कारण लोकांना निकालाचं साल आठवतं आणि यंत्र मागतं अर्जाचं. सापडलं की सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून घ्या. सुरुवातीला 'एमएच', मग जिल्ह्याची दोन अक्षरं, मग आकडे, शेवटचे चार आकडे सालाचे. आणि तिथं दोन नंबर दिसतील, दाखल क्रमांक आणि नोंदणी क्रमांक. नक्कल अर्जावर नोंदणी क्रमांक घालायचा. दाखल क्रमांक घालून दिलेला अर्ज 'मेळ बसत नाही' म्हणून परत येतो.

इथं जरा थांबून ऐका, कारण यात माणसं फसतात. पडद्यावर 'निकाली' दिसलं म्हणजे घटस्फोट झाला असं नाही. संमतीचा अर्ज दोन टप्प्यांचा असतो. अर्ज दाखल होतो, मग कायद्यानं ठेवलेला सहा महिन्यांचा अवधी, आणि मग दोघांनी पुन्हा येऊन 'आमचं ठरलंय ते ठरलंय' असं सांगायचं असतं. दुसऱ्या वेळी कुणी आलंच नाही तर अर्ज निकाली निघतो, लग्न मात्र तसंच राहतं. त्याच हिंदू विवाह अर्जाच्या नंबराखाली नांदायला येण्याचा अर्ज असतो, न्यायिक विभक्तीचाही असतो. विभक्तीचा हुकूमनामा म्हणजे घटस्फोट नव्हे, त्यावर दुसरं लग्न करता येत नाही. पोटगीचं काम तर वेगळंच, त्याच्या निकालाचा लग्न मोडण्याशी संबंध नाही. म्हणून हुकूमनाम्यातलं ते एक वाक्य शोधा, जिथं अमुक तारखेला झालेला विवाह विघटित केल्याचं लिहिलेलं असतं. ते वाक्य नसेल तर कागद कितीही जाड असो, कामाचा नाही. मुलीसाठी 'घटस्फोटित' म्हणून सांगून आलेलं स्थळ बघणाऱ्यांनी हे वाक्य स्वतः वाचावं, मध्यस्थाच्या शब्दावर जाऊ नये.

संगणकाच्या आधीची प्रकरणं ऑनलाइन सापडतीलच असं नाही. तिथं कोर्टाच्या नोंदवहीत शोध घ्यावा लागतो, आणि शोधाच्या अर्जात वर्षांचा टप्पा जितका लहान तितकं बरं. 'अंदाजे १९८० ते २०००' असं लिहिलं तर वीस वह्या उलगडाव्या लागतात. लग्नपत्रिका, मुलांच्या शाळेचे दाखले, दुसऱ्या लग्नाची तारीख यांवरून दोन-तीन वर्षांपर्यंत आणा. हिंदू विवाह कायदा मे १९५५ चा, आणि आजचा सांगली जिल्हा १९४९ ते १९६० 'दक्षिण सातारा' या नावाचा होता. त्या काळच्या हुकूमनाम्यावर दक्षिण सातारा दिसलं तर तो कागद दुसऱ्या जिल्ह्याचा समजू नका. मिरज परिसरातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट. १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली जिल्हा न्यायालयानं दिलेल्या घटस्फोटाला २००१ च्या दुरुस्तीपूर्वी उच्च न्यायालयानं कायम केल्याची मोहोर लागायची. त्याआधीचं प्रकरण असेल तर उच्च न्यायालयाचा तो आदेशही शोधावा लागतो.

आता अर्ज. ज्या कोर्टानं निकाल दिला त्याच कोर्टाच्या नक्कल विभागात जायचं. सांगलीकरांसाठी जिल्हा न्यायालय विजयनगरला. अर्जावर कोर्टाचं नाव, मूळ प्रकरणाचा नोंदणी क्रमांक आणि साल, दोन्ही पक्षकारांची नावं, निकालाची तारीख, तुम्ही कोण, आणि कुठले कागद हवेत. 'सर्व कागद' असं लिहू नका. निकालपत्र, हुकूमनामा, अमुक निशाणीची (कोर्टानं कागदाला दिलेल्या क्रमांकाची) पुरसीस, असं मोजून लिहा. नक्कल पानांवर पडते, म्हणजे पैसेही पानांवर. अर्जाला कोर्ट फी तिकीट, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. साधी नक्कल आणि तातडीची नक्कल असे दोन दर असतात. ते विभागातल्या फलकावर वाचा, आवारातल्या कुणाला विचारून पैसे देऊ नका. अर्ज दिल्याची पावती घ्या आणि तिच्यावरचा नंबर वहीत उतरवा. पैसे कमी पडले तर नक्कल तिथंच अडते, आणि ते सांगायला कुणी तुमच्या घरी येत नाही, चौकशी तुम्हीच करायची.

अडतं कुठं? बहुतेक वेळा रेकॉर्ड जागेवर नसतं. अपील झालं असेल तर रेकॉर्ड वरच्या कोर्टात गेलेलं असतं, ते खाली येईपर्यंत थांबायचं किंवा वरच्या कोर्टात मागायचं. खूप जुन्या कामाचं रेकॉर्ड रेकॉर्ड रूमला जमा झालेलं असतं, आणि ठरलेली मुदत संपल्यावर काही कागद नियमाप्रमाणे नष्टही केलेले असतात. पुरसीसी आणि किरकोळ अर्ज आधी जातात, म्हणून ते वेळेत काढून ठेवा.

माहिती अधिकारात नक्कल मागावी का, असं लोक विचारतात. नको. न्यायालयाच्या नकला न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच घ्यायच्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यात महिना घालवाल आणि उत्तर 'नक्कल अर्ज करा' असंच येईल.

पक्षकार स्वतः असेल तर हक्कानं नक्कल मिळते. गलाईवाला कोईमतूरहून येऊ शकत नसेल तर वकीलपत्र देऊन वकिलामार्फत काढावी. त्रयस्थाला मात्र प्रतिज्ञापत्रावर कारण द्यावं लागतं, आणि द्यायचं की नाही हे न्यायाधीश ठरवतात. मयत आईवडिलांचा हुकूमनामा वारसांना हवा असेल तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. स्थळाची चौकशी करणाऱ्यांनी कोर्टात खेटे घालण्यापेक्षा समोरच्यालाच सांगावं, 'तुम्ही पक्षकार आहात, तुम्हीच नक्कल काढून दाखवा.' टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच. या कामांचा मजकूर छापायला वा प्रसिद्ध करायला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बंदी आहे. कुणाचं निकालपत्र व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकण्याआधी हे कलम आठवा.

हुकूमनामा मिळाला म्हणून दुसऱ्या दिवशी लग्न लावता येत नाही. अपिलाची मुदत जावी लागते, ती हिंदू विवाह कायद्यात नव्वद दिवसांची आहे. वरिष्ठ स्तर न्यायालयाच्या निकालावरचं अपील जिल्हा न्यायालयात जातं. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावरचं उच्च न्यायालयात, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीची ही कामं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं आहेत. काही ठिकाणी 'अपील दाखल नाही' असा दाखला मागतात, तो त्या त्या अपिली कोर्टातून घ्यावा. अपशिंग्यासारख्या गावांतल्या फौजी घरांनी नक्कल मिळताच पलटणीकडं पाठवावी. तिथल्या नोंदीत बदल झाला नाही तर पुढं पेन्शनीच्या वेळी पहिल्या बायकोचंच नाव निघतं.

आणि एक राहिलं. कित्येक घरांत जुन्या पेटीत स्टॅम्प पेपरवरची फारकत असते, पंचांच्या सह्या, अंगठे, नोटरीचा शिक्का. त्याचा कोर्टात काही रेकॉर्ड नसतो, म्हणून कोर्टात शोधून काही मिळणार नाही. समाजाच्या रूढीनं काडीमोड होत असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २९ त्याला मान्यता देतं, पण ती रूढी पुराव्यानं सिद्ध करावी लागते. अशांनी नकलेच्या मागे न लागता वैवाहिक स्थिती ठरवून घेण्याच्या दाव्याबद्दल वकिलांचा सल्ला घ्यावा.

नक्कल हातात पडली की खिडकीवरून हलू नका. नावातला काना-मात्रा बघा, लग्नाची तारीख बघा, प्रत्येक पानावर शिक्का आहे का बघा. शेवटच्या पानावर अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. अपिलाची मुदत मोजताना त्या तारखा लागतात. मूळ हुकूमनाम्यातच नाव चुकलं असेल तर नक्कल विभाग ते सुधारत नाही, जसं आहे तसं उतरवणं हेच त्यांचं काम. दुरुस्तीसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली त्याच कोर्टात अर्ज करायचा. आणि नक्कल लॅमिनेट करू नका. परदेशासाठी ॲपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची सरकारी मोहोर, करायची वेळ आली तर शिक्के कागदाच्या मागच्या बाजूलाही मारावे लागतात, आणि प्लॅस्टिकवर शाई बसत नाही.