तिकीट एक, खुर्ची कुठलीही

नमस्कार सोलापूरकर श्रोतेहो.

हुतात्मा स्मृती मंदिरात आपण जातो, तिकिटावरचा नंबर शोधतो, बसतो. शेजारचा कोण, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेत एवढ्याच गोष्टीसाठी एक माणूस आयुष्यभर भांडला. नॉर्मन ग्रँझ. 1944 साली त्यानं लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक सभागृहात जॅझची मैफल भरवली आणि पुढे ती गावोगाव नेली. अट एकच: गोरे-काळे वेगळे बसणार नाहीत. तिकीट एक, खुर्ची कुठलीही.

आता 7 ऑक्टोबर 1955 ची रात्र ऐका. गाव ह्यूस्टन. संडासांवर 'गोऱ्यांसाठी', 'काळ्यांसाठी' अशा पाट्या होत्या, त्या नॉर्मननं काढून टाकल्या. शेजारी बघून कोणी जागा बदलून मागितली, तर तिकिटाचे पैसे परत, जागा मात्र बदलायची नाही. कार्यक्रम सुरू झाला. पडद्यामागे ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवादक इलिनॉय जॅकेट फावल्या वेळात फासे टाकत होते, गायिका एला फिट्झजेराल्ड कॉफी पीत बसली होती. तेवढ्यात साध्या वेशातले पोलीस दार ढकलून आत! जुगाराचा आरोप. एक पोलीस संडासाकडे वळला, तसा नॉर्मन त्याच्या मागोमाग. हा पोलीस तिथं अमली पदार्थ ठेवून नंतर ते सापडल्याचं दाखवेल, ही नॉर्मनला भीती. पोलिसानं पिस्तूल काढून सरळ त्याच्या पोटावर रोखलं. नॉर्मन हलला नाही.

सगळ्यांना चौकीवर नेलं. एलाच्या डोळ्यांत पाणी, आणि तिथंच एक जण तिची सही मागतो! जामीन माणशी 10 डॉलर. तो भरून मंडळी त्याच रात्रीच्या दुसऱ्या खेळाला वेळेवर परतली, प्रेक्षकांना पत्ताही नाही. ते 10 डॉलर सोडून दिले असते तर प्रकरण मिटलं असतं. नॉर्मननं 2000 च्या वर डॉलर खर्चून आरोप रद्द करून घेतले.

काळ्या-गोऱ्या वादकांना तो सारखंच आणि भरपूर मानधन द्यायचा. कलावंताचं मानधन तिकिटातून येतं, म्हणून सांगते, ओळखीनं पास मागू नका, तिकीट काढा. आपल्याकडे चादर कोणी फुकट मागत नाही, मग गाणं का मागावं?

रेकॉर्ड कंपन्याही त्यानं काढल्या. क्लेफ, नॉरग्रान, 1956 ला व्हर्व्ह, 1973 ला पाब्लो. व्हर्व्ह काढली ती मुख्यतः एलासाठी. त्याच व्हर्व्हच्या रेकॉर्डवरची एला आता ऐकू या.